चियांग माय की पेनांग : मार्चमधला मुक्काम

शनिवार, चियांग माय

परदेशात वर्ष-दोन वर्षे राहण्यासाठी गाव निवडायचे, तर ते पर्यटकांच्या मोसमात पाहून उपयोग नाही, असे माझे पहिल्यापासून मत होते. डिसेंबरातले चियांग माय कोणालाही आवडेल; प्रश्न मार्चचा आहे. मी पुण्यातून घरबसल्या एका परदेशी सॉफ्टवेअर कंपनीसाठी तांत्रिक लेखनाचे काम करते, नवऱ्याने नुकतीच प्राध्यापकीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे आणि मुलगी शिकायला बाहेरगावी आहे. आयुष्यातला काही काळ दुसऱ्या देशात काढण्याची आमची जुनी इच्छा आता पुरी होण्यासारखी आहे. बऱ्याच विचारानंतर दोनच गावे उरली होती : उत्तर थायलंडमधले चियांग माय आणि मलेशियाच्या पेनांग बेटावरचे जॉर्ज टाऊन. नवऱ्याला दमा आहे. सौम्य आहे, पण आहे. म्हणूनच मार्चची तिकिटे काढली.

विमान उतरू लागले तेव्हा खिडकीतून डोंगर दिसायला हवे होते, ते दिसले नाहीत. शहराला लागून उभा असलेला दोई सुथेप १६७६ मीटर उंचीचा आहे आणि विमानतळापासून जवळही आहे, पण त्याच्या जागी फिकट करड्या रंगाचा पडदा होता. टॅक्सीच्या रांगेत उभे असताना घशात पालापाचोळा जाळल्यासारखा वास जाणवू लागला. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उत्तर थायलंडमध्ये मक्याची आणि भाताची धाटे जाळली जातात, सुकलेल्या रानांत वणवे लागतात, शेजारच्या म्यानमार आणि लाओसमधला धूरही वाऱ्याबरोबर इकडे येतो. शहर खोऱ्यात वसलेले असल्यामुळे वरच्या उबदार हवेच्या थराखाली हा सगळा धूर कोंडून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीप्रमाणे पीएम २.५ या सूक्ष्म कणांचे प्रमाण दिवसभराच्या सरासरीने घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. थायलंडची स्वतःची मर्यादा ३७.५ आहे. आमच्या फोनवर संध्याकाळी दिसणारा आकडा १०० च्या पुढे होता. नवऱ्याने मुखपट्टी लावली, आणि मुक्काम संपेपर्यंत ती रस्त्यावर कधी काढली नाही.

रविवार, चियांग माय

आजचा दिवस जुन्या शहरासाठी ठेवला होता, आणि धूर असूनही या शहराने मन जिंकले, हे आधीच लिहून टाकते. राजा मंगरायने १२९६ मध्ये लान्ना राज्याची राजधानी म्हणून हे शहर वसवले. त्याचा जवळजवळ चौकोनी आराखडा, भोवतीचा पाण्याचा खंदक आणि कोपऱ्यांवरचे विटांचे बुरूज आजही जागेवर आहेत. खंदकाच्या आत उंच इमारती नाहीत. गल्ल्या अरुंद, घरांपुढे कुंड्या, आणि दर थोड्या अंतरावर एखादा विहार. वाट चेदी लुआंग या विहाराचा प्रचंड स्तूप १५४५ च्या भूकंपात वरून ढासळला आणि तसाच अर्धा उभा आहे. त्याच्या सावलीत भिक्षू झाडलोट करत होते. माणसाने पायी फिरावे एवढ्या मापाचे शहर आता आपल्याकडे फारसे उरलेले नाही, आणि या एका गोष्टीसाठी चियांग मायला माझ्या हिशेबात खूप गुण आहेत.

संध्याकाळी था फे दरवाजापासून राच्चदामनोएन रस्त्यावर रविवारचा बाजार भरतो. कापूस, लाकूड, चांदी आणि हातकागदाच्या वस्तूंची दुकाने रस्त्याच्या मधोमध दोन रांगांत मांडलेली असतात. सहा वाजता ध्वनिक्षेपकावर राष्ट्रगीत सुरू झाले आणि क्षणात सगळा रस्ता थांबला. हातात तव्यावरचा उलथना धरलेली बाई, पैसे मोजणारा पोरगा, आइस्क्रीम खाणारी मुले, सगळे जागच्या जागी उभे. गीत संपले आणि उलथना पुन्हा फिरू लागला. त्या बाईकडेच आम्ही जेवलो. शाकाहारी माणसाला इथे ‘जे’ हा शब्द कळला की पुरते; पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असेल तिथे मांस, मासे आणि कांदा-लसूणही नसतात. खाओ सोई हा नारळाच्या दुधातल्या रश्श्याचा आणि नूडल्सचा इथला खास पदार्थ एरवी कोंबडीचा असतो, पण तोही ‘जे’ प्रकारात मिळाला, आणि उत्तम मिळाला. जेवणाची चिंता इथे करावी लागणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरले.

सोमवार, चियांग माय

घरे पाहिली. निम्मानहेमिन रस्त्याच्या परिसरात परदेशी लोक, कॉफीची दुकाने आणि लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांच्या जागा इतक्या दाटीने आहेत की तिथे राहून थायलंडमध्ये राहिल्यासारखे वाटेल की नाही, याची शंका येते. खंदकाच्या उत्तरेला असलेला सांतिथाम हा भाग मला जास्त भावला. तिथे शाळा, भाजीबाजार, शिंपी, दुरुस्तीची दुकाने असे रोजचे जगणे आहे. एका झोपण्याच्या खोलीची सुसज्ज सदनिका १२,००० ते १५,००० बाटमध्ये मिळते, म्हणजे पुण्याच्या बऱ्या भागातल्या भाड्याच्या फार पुढे नाही. दोन महिन्यांची अनामत आणि एका महिन्याचे आगाऊ भाडे हा रिवाज. वीजबिल मात्र विचारून घ्यावे : स्वतंत्र मालकीच्या सदनिकेत सरकारी दर लागतो, पण संपूर्ण इमारत एकाच मालकाची असेल तर तो स्वतःचा दर लावतो, आणि एका ठिकाणी तो युनिटमागे ८ बाट, म्हणजे सरकारी दराच्या दुपटीच्या आसपास होता. मार्च-एप्रिलमध्ये वातानुकूलन चालूच ठेवावे लागते, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही.

तिसऱ्या घरात जे पाहिले ते मात्र या सगळ्या हिशेबांवर भारी पडले. घरमालकीण साठीच्या, बोलायला मायाळू. त्यांनी खिडक्यांच्या चौकटींना आतून रुंद चिकटपट्टी लावली होती आणि प्रत्येक खोलीत हवा शुद्ध करणारे यंत्र ठेवले होते. नवऱ्याने त्याबद्दल विचारले तेव्हा त्यांनी स्वतःहून यंत्राचे झाकण उघडून आतली जाळी बाहेर काढली. जानेवारीत नवी, पांढरीशुभ्र बसवलेली ती घडीदार जाळी आता ओल्या राखेच्या रंगाची झाली होती, आणि घड्यांच्या कडांवर काळसर रेघा उमटल्या होत्या. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, बोटाने एक घडी उलगडून दाखवली आणि म्हणाल्या की पावसाळा येईपर्यंत आणखी एक लागेल. घर दाखवणाऱ्या बाईंनी लपवण्यासारखी गोष्ट लपवली नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटला.

कागदपत्रांच्या बाबतीत थायलंडचे पारडे जड आहे, हेही नोंदवायला हवे. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेला डेस्टिनेशन थायलंड व्हिसा पाच वर्षांचा असतो, त्यावर एका खेपेला १८० दिवस राहता येते, आणि त्यासाठी खात्यात ५ लाख बाट, म्हणजे तेरा-चौदा लाख रुपये दाखवावे लागतात. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठीच तो आखलेला आहे आणि जोडीदारालाही सोबत अर्ज करता येतो. परदेशी माणूस कुठे राहतो याची नोंद घरमालकाने २४ तासांत करायची, आणि सलग ९० दिवस राहिल्यास आपण पुन्हा पत्ता कळवायचा, एवढी शिस्त पाळली की पुरे. जमीन परदेशी माणसाला घेता येत नाही. सदनिका घेता येते, पण इमारतीतले परदेशी मालकीचे क्षेत्र ४९ टक्क्यांच्या आत असले पाहिजे. आम्हाला विकत काही घ्यायचे नाही, म्हणून हा मुद्दा आमच्यापुरता बाजूला.

मंगळवार, चियांग माय

रात्री नवऱ्याला दोनदा उठून पंप घ्यावा लागला. सकाळी डॉक्टरांकडे गेलो. तपासणी नीट झाली, दुभाषी तरुणी नम्र होती, पण श्वास कधी अडकतो, छातीत शिट्टी कधी वाजते, पायऱ्या चढताना काय होते, हे सगळे तिसऱ्या माणसाच्या तोंडून सांगताना बारकावे गळून पडत होते, आणि ते गळत आहेत हे आम्हा दोघांनाही कळत होते. थाई भाषेत शब्दाचा अर्थ बदलणारे पाच सूर आहेत, लिपी वेगळी आहे. शिकायची माझी तयारी आहे, पण दम्याबद्दल डॉक्टरांशी बोलता येण्याइतकी ती यायला काही वर्षे लागतील.

दुपारी इथे अनेक वर्षे राहणाऱ्या एका भारतीय शिक्षिकेला भेटलो. दरवर्षी धुराचे दोन महिने त्या दक्षिणेत समुद्रकाठी जाऊन राहतात. परवडते त्यांनी जावे, पण या शहरात जन्मलेली माणसे कुठे जाणार, हा त्यांचा प्रश्न मनात राहिला. एप्रिल २०२३ मध्ये इथल्या हजाराहून अधिक रहिवाशांनी स्वच्छ हवेच्या हक्कासाठी थेट पंतप्रधानांविरुद्ध प्रशासकीय न्यायालयात दावा दाखल केला होता, आणि जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने सरकारला ९० दिवसांत तातडीचा आराखडा करण्याचा आदेश दिला. पण मक्याची मागणी कोंबड्यांच्या खाद्यासाठी आहे, ती मोठ्या उद्योगांकडून येते, आणि डोंगरउतारावरच्या शेतकऱ्याकडे काडी लावण्याखेरीज स्वस्त उपाय नाही. त्याला दोष देऊन धूर कमी होणार नाही.

संध्याकाळी बँकॉकची रातराणी गाडी पकडली.

बुधवार ते गुरुवार, रेल्वे

हा टप्पा विमानाने काही तासांचा होता, पण दोन्ही शहरांमधली जमीन डोळ्यांखालून जावी असे वाटले. सकाळी बँकॉकच्या क्रुंग थेप अपिवात या नव्या, अवाढव्य स्थानकात उतरलो आणि दुपारी दक्षिणेकडची शयनयान गाडी घेतली. रबराच्या बागा, चुनखडीचे सुळके आणि नारळ लागू लागले तशी हवा ओलसर झाली, आणि गुरुवारी पहाटे नवरा मुखपट्टीशिवाय दारात उभा राहिलेला दिसला. पादांग बेसार स्थानकात एकाच इमारतीत आधी थायलंडचा आणि मग मलेशियाचा शिक्का मिळतो. घड्याळ एक तास पुढे करायचे आणि पलीकडच्या फलाटावरून बटरवर्थची विजेची गाडी धरायची. तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडली की समोर जॉर्ज टाऊन.

शुक्रवार, जॉर्ज टाऊन

ईस्ट इंडिया कंपनीसाठी फ्रान्सिस लाइटने १७८६ मध्ये वसवलेले हे बंदर २००८ पासून मलाक्क्याबरोबर जागतिक वारसा यादीत आहे. एकाच रस्त्यावर आणि त्याच्या आजूबाजूला १८१८ चे सेंट जॉर्ज चर्च, चिनी लोकांचे कुआन यिन मंदिर, तमिळ मुस्लिमांची कपितान केलिंग मशीद आणि १८३३ चे महामारियम्मन मंदिर उभे आहे. आज जुम्मा, त्यात रमजानचा महिना. मशिदीतून लोक बाहेर पडत होते आणि मंदिराच्या गल्लीत नादस्वराचा आवाज चालू होता; कोणाला त्याचे विशेष वाटत नव्हते.

लेबुह पासारच्या किराणा दुकानात मी बराच वेळ काढला. तूरडाळ, उडीदडाळ, हिंग, चिंच, इडलीचे तयार पीठ, ताज्या कढीपत्त्याच्या जुड्या, केळीची पाने, सगळे एका छपराखाली. हे तमिळ लोकांचे घर आहे, मराठी माणसाचे नव्हे, आणि आपले गाव सापडल्याचा आव मी आणणार नाही. तरीही परक्या देशात रोजच्या वरणभाताची सोय कोपऱ्यावर असणे ही मोठी गोष्ट आहे. दुकानदारांशी इंग्रजीत बोललो, बसचालकाशी इंग्रजीत बोललो, आणि रस्त्यांच्या पाट्या मलय भाषेत असल्या तरी रोमन लिपीत असल्यामुळे वाचता आल्या. एक काळजीचा बोजा उतरल्याचे नवरा दुपारी बोलून गेला.

उकाडा मात्र असह्य आहे. अकरानंतर अंगाला कपडे चिकटतात आणि रात्रीही सुटका नाही. जुन्या दुकानघरांपुढच्या छपराखालच्या पदपथांवर मोटारसायकली आणि टेबले मांडलेली असल्यामुळे पायी चालणाऱ्याला वरचेवर रस्त्यावर उतरावे लागते. पायी फिरण्याच्या बाबतीत चियांग मायचे जुने शहर कितीतरी वरचढ आहे.

शनिवार, तांजोंग तोकोंग

दोन झोपण्याच्या खोल्यांची सदनिका समुद्रकाठच्या उंच इमारतींत २,२०० ते २,८०० रिंगिटला सांगतात. दोन महिन्यांची अनामत, वीज-पाण्यासाठी आणखी अर्धा महिना, आणि एका महिन्याचे आगाऊ भाडे भरायचे. एका देखण्या घरात समुद्राची हवा भरभरून येत होती. कपाट पुढे ओढायला सांगितले, तर मागच्या भिंतीवर हिरवट-काळ्या बुरशीचा हातभर पट्टा निघाला. दमेकऱ्याला बुरशीही धुराइतकीच वाईट, म्हणून त्यानंतर प्रत्येक घरात कपाटांच्या मागे आणि न्हाणीघराच्या छतावर आधी पाहिले. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर एकच मुख्य रस्ता आहे आणि संध्याकाळी तो तुंबतो. बेटावर अजून मेट्रो नाही. मुतियारा मार्गाच्या कामाचा प्रारंभ जानेवारी २०२५ मध्ये झाला आहे, तेव्हा आमच्या मुक्कामात ती धावणार नाही. म्हणून पुलाऊ तिकुस या जुन्या वस्तीकडे वळलो. तिथला सकाळचा बाजार, समोरासमोर असलेली थाई आणि ब्रह्मी बुद्धमंदिरे, दवाखाने, बसथांबा, सगळे चालत जाण्याजोगे आहे. चौथ्या मजल्यावरचे एक जुने, दोन्ही बाजूंनी वारा येणारे घर आवडले. त्याच्या भिंती कोरड्या होत्या.

रविवार, पेनांग टेकडी

सकाळी १८८४ मध्ये सुरू झालेल्या वनस्पती उद्यानात फिरलो. माकडे फार, पण सावली दाट. तिथून १९२३ पासून चालणाऱ्या दोरखंडाच्या रेल्वेने टेकडीवर गेलो. वर हवा खरोखर थंड होती आणि खाली १९८५ मध्ये खुला झालेला साडेतेरा किलोमीटरचा पूल लख्ख दिसत होता. दुपारी धो धो पाऊस आला आणि तासाभरात थांबला.

सोमवार, जॉर्ज टाऊन

रुग्णालयाचा दिवस. पेनांगमध्ये १९२४ पासून चालणाऱ्या ॲडव्हेंटिस्ट रुग्णालयासह अनेक मोठी खासगी रुग्णालये आहेत आणि सुमात्रातून इंडोनेशियन रुग्ण विमानाने इथे उपचारांना येतात. आम्ही ज्या छातीरोगतज्ज्ञांना भेटलो त्यांनी नवऱ्याचे पुण्यातले कागद स्वतः वाचले, औषधाचे नाव बदलून इथे मिळणारे पर्यायी नाव लिहून दिले, आणि प्रश्न विचारायला भरपूर वेळ दिला. मंगळवारच्या दुभाषी तरुणीचा काही दोष नव्हता. पण आजारी माणसाला आपल्या तोंडाने आपले दुखणे सांगता येणे याला मी भाड्यापेक्षा, रश्श्यापेक्षा आणि खंदकातल्या पाण्यापेक्षा वर ठेवते.

धुराचा हिशेब इथेही मांडला. सुमात्रातल्या दलदलीच्या जमिनी पेटल्या की ऑगस्ट-ऑक्टोबरच्या सुमारास पेनांगवरही धुरके येते. २०१५ आणि २०१९ ही त्यातली वाईट वर्षे. म्हणजे पेनांगचा सर्वांत वाईट महिना आम्ही पाहिलेला नाही, सप्टेंबर पाहायचा बाकी आहे. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की इथे ते काही वर्षी येते आणि चियांग मायमध्ये दरवर्षी येते.

मलेशियाची कमजोर बाजू म्हणजे व्हिसा. ‘मलेशिया माय सेकंड होम’ या दीर्घ मुक्कामाच्या योजनेच्या सध्याच्या नियमांप्रमाणे रजत श्रेणीसाठीसुद्धा १,५०,००० डॉलरची मुदत ठेव आणि किमान ६ लाख रिंगिटचे घर घ्यावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येत असले, तरी तेवढे आमच्याकडे नाहीत. राहिला तो ‘डीई रंताऊ’ हा दूरस्थ कामगारांचा परवाना : डिजिटल क्षेत्रातल्या व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न २४,००० डॉलरच्या वर हवे, जोडीदाराला सोबत आणता येते, मुदत तीन महिने ते एक वर्ष, आणि पुढे आणखी एक वर्ष वाढवता येते. थायलंडच्या पाच वर्षांपुढे हे तोकडे आहे. ज्याला दमा नाही, ज्याचे वय तिशीत आहे आणि जो मार्चमध्ये दोन महिने दुसरीकडे जाऊ शकतो, त्याला मी आजही चियांग मायच सुचवीन.

मंगळवार, पुलाऊ तिकुस

सकाळी पुन्हा त्या चौथ्या मजल्यावरच्या घरी गेलो. नवरा लिफ्ट सोडून जिन्याने चढला, वर येऊन दोन मिनिटे बसला आणि नाडी मोजून म्हणाला, ‘‘ठीक आहे.’’ मालकांशी बोलणे झाले : परवाना हाती आल्यावर करार, तोवर बयाणा म्हणून एका महिन्याचे भाडे, आणि परवाना नाकारला गेला तर ते परत, असे लेखी ठरले. परवान्यासाठी कंपनीचे काम करत असल्याचे पत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, विमा आणि विवाहनोंदणीचा दाखला लागणार आहे. त्यांतला दाखला अजून मराठीत आहे, त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर पुण्यात गेल्यावर पहिल्या आठवड्यात करून घ्यायचे आहे.